हलका सूर (मँडरिन)

मँडरिन चिनीतील चार मुख्य सुरांपैकी कोणताही सूर नसलेल्या, आखूड व निराघात अक्षराचा उच्चार. चिनी नाव छिंगशंग. याला ‘पाचवा सूर’ म्हणण्याची सवय दिशाभूल करणारी आहे, कारण त्याला स्वतःची ठरावीक पट्टी नसते. ती मागच्या अक्षरावरून ठरते. युआन रन चाओ यांनी १९३० मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर (१ सर्वांत खाली, ५ सर्वांत वर) तो पहिल्या सुरानंतर सुमारे २, दुसऱ्यानंतर ३, तिसऱ्यानंतर ४ आणि चौथ्यानंतर १ वर येतो. म्हणून ‘ज्येज्ये’ (थोरली बहीण) यातले दुसरे अक्षर वर उचलले जाते, तर ‘पापा’ (वडील) यातले तळाला जाते. नवशिके ते सगळीकडे सारखेच खाली पाडतात, तिथेच परकेपणा कळतो.

प्रश्नार्थक ‘मा’सारखे अव्यय, काही प्रत्यय व द्विरुक्त नातेवाचक शब्दांचे दुसरे अक्षर यांत हा सूर आढळतो. क्वचित त्यावर अर्थही अवलंबतो: ‘तुंगशी’चे दुसरे अक्षर पूर्ण सुरात म्हटल्यास ‘पूर्व-पश्चिम’, हलके म्हटल्यास ‘वस्तू’. पिनयिन लिपीत त्याला सूरचिन्ह देत नाहीत. बीजिंगच्या बोलीत त्याचा वापर विपुल, तैवानात बराच कमी.