बेचाळीस धावा आणि वाडेकर

परवा रविवारी पुण्याहून नातवाचा फोन आला. पोरगा फुटबॉलवेडा आहे. कुठल्या देशाच्या संघाने कुठे माती खाल्ली हे त्याला तोंडपाठ असते. बोलता बोलता म्हणाला, "आबा, मोठ्या स्पर्धेत हरला ना संघ, मग मॅनेजर बदलायलाच पाहिजे. त्यात विचार कसला करायचा?" मी म्हटले, थांब, हे फोनवर सांगण्यासारखे नाही, लिहून पाठवतो. फुटबॉल मला जेमतेम कळतो. पण हरलेल्या माणसाचे आपण काय करतो, ते मी क्रिकेटमध्ये पाहिले आहे. आणि एकदा स्वतः केलेही आहे. ते पुढे येईल.

साल 1974. मी तेवीस वर्षांचा, शाळेत नुकताच लागलेला. आमची पूर्णा म्हणजे जंक्शनचे गाव, निम्मे घरदार रेल्वेवर चालणारे. त्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा मोठा संप झाला आणि मोडला. कॉलनीतली माणसे गप्पगप्प होती. अशात जूनमध्ये आपला संघ इंग्लंडला खेळत होता, तेवढाच काय तो विरंगुळा. 24 जूनला, सोमवारी, शाळा सुटल्यावर मी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथे ट्रान्झिस्टरभोवती घोळका. मी विचारले, "किती झाले?" कुणीतरी म्हणाले, "बेचाळीस." "गेले किती?" त्यावर तो माणूस नुसता माझ्याकडे बघत राहिला. सगळे गेले होते! लॉर्ड्सवर सतरा षटकांत खेळ खल्लास. त्यातल्या नाबाद अठरा एकट्या एकनाथ सोलकरच्या. एक डाव आणि 285 धावांनी हार, आणि पुढे मालिका 0-3.

कर्णधार होते अजित वाडेकर. तेच वाडेकर, ज्यांना 1971 मध्ये विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी नेमले होते. त्यांनी त्याच वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्याच घरी हरवून दाखवले. त्याआधी यांतल्या एकाही देशात आपण मालिका जिंकलेली नव्हती. त्या आनंदात इंदूरला सिमेंटची भलीमोठी बॅट उभारली गेली. 1974 मध्ये लोकांनी त्याच बॅटीची विटंबना केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले. देशाचा कर्णधार, तो विभागाच्या संघातही नको! तेहतिसाव्या वर्षी त्यांनी बॅट खाली ठेवली.

त्यांच्या कर्णधारपदाचा सगळा हिशेब सांगतो. कसोटी सोळा, जिंकल्या चार, हरल्या चार, बाकी अनिर्णित. हरलेल्या चारांपैकी तीन त्या एकाच उन्हाळ्यातल्या. जूनमधली थंडी, ढगाळ हवा, हलणारा चेंडू, आणि संघातल्या कुरबुरी. यातले कर्णधाराच्या हातातले किती आणि नशिबाचे किती, हे कुणी बसून तपासले असे मला वाटत नाही. मग बदलून काय मिळाले? पतौडी परत आले आणि वेस्ट इंडिजशी मालिका 2-3 अशी हरली. 1975 च्या पहिल्या विश्वचषकाला कर्णधार वेंकटराघवन. त्यानंतर बेदी. खांदे बदलत गेले, ओझे तेच राहिले.

आता नातवासाठी फुटबॉलकडे येतो, कारण त्याच साली, त्याच इंग्लंडमध्ये हेच घडले होते. 1966 चा विश्वचषक इंग्लंडला जिंकून देणारे सर आल्फ रॅम्झी. 1973 च्या ऑक्टोबरात पोलंडशी वेम्ब्लीवर 1-1 अशी बरोबरी झाली, इंग्लंडला 1974 च्या विश्वचषकात जागाच मिळाली नाही, आणि काही महिन्यांत रॅम्झींना काढले. आता दुसरी बाजू पाहा. 1966 च्या त्या अंतिम सामन्यात हरला होता पश्चिम जर्मनीचा संघ. त्याचे प्रशिक्षक हेल्मुट श्योन. हरले म्हणून त्यांना कुणी घालवले नाही. 1970 ला तिसरे आले. 1972 ला युरोपचे विजेते झाले. आणि 1974 ला, म्हणजे रॅम्झी घरी बसले त्याच वर्षी, श्योन विश्वविजेते झाले. मला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा फार मौज वाटली. जिंकलेला गेला, हरलेला राहिला, आणि कप राहिलेल्याकडे गेला.

वाडेकरांच्या नशिबी हे दोनदा होते. 1992 च्या सुमारास ते संघाचे व्यवस्थापक झाले (म्हणजे नातवाच्या भाषेत मॅनेजरच). आल्याआल्या 1993 मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावर 3-0 धुतले. 1974 चे उट्टे असे काढले! पण 13 मार्च 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपान्त्य सामना आला. 1 बाद 98 वरून 8 बाद 120. बाटल्या आल्या, जाळपोळ झाली, सामना श्रीलंकेला बहाल केला आणि विनोद कांबळी रडत परतला. विश्वचषकानंतर वाडेकर त्या पदावर राहिले नाहीत. इंग्लंडच्या दौऱ्यावर संदीप पाटील गेले, आणि वर्ष संपायच्या आत त्यांच्याही जागी मदनलाल आले.

आता माझे. त्याच 1996 च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. आमच्या शाळेत गणितात निम्मी मुले नापास. पालक चिडले, संस्थेची बैठक झाली, "काहीतरी करा" असा सूर लागला. मी केले. बारा वर्षे दहावीला गणित शिकवणाऱ्या सरांचा वर्ग काढून घेतला आणि त्यांना पाचवी-सहावी दिली. हीच मुले नववीत असताना अर्धे वर्ष त्यांना गणिताला शिक्षकच नव्हता, हे मला ठाऊक होते. जागा रिकामी होती, आणि ती भरून घेण्याचा पाठपुरावा करणे माझे काम होते. बैठकीत मी हे बोललो नाही. सर काही म्हणाले नाहीत. दहावीचे पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेले. पालकांचे समाधान झाले. पुढच्या वर्षी निकाल थोडा सुधारला, पण त्या मुलांना नववीत शिक्षक होता, एवढाच फरक.

तेव्हापासून कुठलाही प्रशिक्षक हटवला की मी आधी बघतो, हटवणारा कोण आहे आणि त्याची स्वतःची काय चूक होती.

मात्र हरलेल्याला ठेवलेच पाहिजे असेही माझे म्हणणे नाही. जर्मनीने 2018 मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर पडूनही योआखिम ल्योव यांना ठेवले. दोन वर्षांनी स्पेनने त्यांना सहा गोल मारले. चार वर्षांपूर्वी जिंकून दिले होते म्हणून ठेवणे, हेही न तपासणेच झाले. म्हणून नातवाला माझे सांगणे असे: दोन-तीन महिने जाऊ द्या, बोर्डाने स्वतःसकट सगळ्यांना प्रश्न विचारावेत, आणि मग ठरवावे. दुसऱ्या दिवशी सामान बांधायला लावू नये.

राहुल द्रविडचे उदाहरण आठवते. घर मराठी, जन्म इंदूरचा, त्या बॅटीच्याच गावचा. 2007 च्या विश्वचषकात त्याच्या नेतृत्वाखाली आपण बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत परतलो. प्रशिक्षक ग्रेग चॅपेल गेले, कर्णधार राहिला. त्याच उन्हाळ्यात त्याने इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली, 1986 नंतर प्रथमच. पुढे तो प्रशिक्षक झाला. 2022 ला ॲडलेडला उपान्त्य सामन्यात दहा गड्यांनी हार. 2023 ला सलग दहा सामने जिंकून अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हार. त्याचा करार संपला होता, जाऊ देणे सोपे होते. बोर्डाने मुदत वाढवली. 29 जून 2024 ला बार्बाडोसला आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले. ज्या वेस्ट इंडिजमधून तो 2007 ला मान खाली घालून आला होता, तिथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला स्टेशनकडे गेलो होतो. गणिताचे सर भेटले. तेही आता थकलेत, हातात काठी आहे. रात्रीच्या सामन्याच्या गप्पा झाल्या. जाता जाता म्हणाले, "द्रविडला ठेवलं, बरं केलं." मी हो म्हटले.