इब्न बतूता १४३० साली दौलताबादला आला होता का?

माझ्या पीएच.डी.च्या आराखड्यात पहिल्याच पानावर एक वाक्य होतं. १४३० साली दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने दक्षिण भारतात बहरलेले द्राक्षमळे पाहिले, अशा अर्थाचं. वाक्य दिसायला भारदस्त, पुढे कंसात संदर्भही होता. आरआरसीसमोर मी ते ठसक्यात वाचलं आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सरांनी विचारलं, "हे गृहस्थ वारले कधी?"

मला माहीत नव्हतं. सरांनीच सांगितलं. जन्म १३०४, टँजिअर. मृत्यू १३६८-६९ च्या सुमारास. "म्हणजे तुमच्या हिशोबाने वयाच्या एकशे सव्विसाव्या वर्षी ते देवगिरीचा किल्ला बघायला आले." सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. मी वनस्पतिशास्त्राची. माझा विषय द्राक्षवेलीच्या डोळ्यांत घड कधी आणि कसा तयार होतो हा. इतिहासाचा तो परिच्छेद प्रस्तावनेत सगळेच टाकतात म्हणून मीही टाकला होता.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, किंवा नुकताच गाइड मिळाला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. त्या एका वाक्याच्या मागे लागून मला जे सापडलं ते सांगते. त्यात माझी चूक आहेच, पण दौलताबादच्या द्राक्षांबद्दल एक खरी गोष्टही आहे, आणि ती मला लायब्ररीत नाही तर एका वायनरीत तोडणी चालू असताना कळली.

आधी तारखेचं. १४३० हे साल भारतातल्या द्राक्षशेतीवरच्या कितीतरी लेखांत आणि प्रबंधांच्या प्रस्तावनांत सापडतं. एकाने लिहिलं, दुसऱ्याने पहिल्याचा संदर्भ दिला, तिसऱ्याने दोघांचा. माझा अंदाज असा की कुठेतरी १३४० लिहिताना मधल्या दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. इब्न बतूता १३४२ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाचा चीनकडे जाणारा वकील म्हणून दिल्लीहून निघाला आणि दक्षिणेकडे येताना दौलताबादला थांबला. तुघलकाने राजधानी इथे हलवली ती १३२७ मध्ये. म्हणजे हा प्रवासी आला तेव्हा त्या स्थलांतराला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. एकदा १४३० लिहिलं की हे सगळं धागेदोरे तुटूनच जातं.

मग मी मूळ पुस्तकाकडे गेले. मूळ म्हणजे अरबी नाही, तेवढी माझी तयारी नाही. गिब यांचं इंग्रजी भाषांतर, आणि अरबी येणाऱ्या एका मैत्रिणीकडून ती ओळ तपासून घेतली. दौलताबादचं वर्णन दोन-तीन पानांचं आहे. किल्ला आहे, हिऱ्या-मोत्यांचे व्यापारी आहेत, गाणाऱ्यांचा बाजार आहे, मांजरांनाही पळवून लावणारे तुरुंगातले भलेमोठे उंदीर आहेत. द्राक्षांबद्दल आहे फक्त एक छोटं वाक्य : या गावात द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात. बस्स.

आता माझ्या वाक्याशी ताडून बघा. 'बहरलेले मळे' मूळात नाहीत. 'दक्षिण भारतात' नाही, एका गावाबद्दल आहे. उलट हाच लेखक दुसरीकडे म्हणतो की हिंदुस्थानात द्राक्ष फार दुर्मीळ, दिल्लीत काही ठिकाणी आणि मोजक्या इतर भागांत मिळतं. आणि तुघलकाने वेली उत्तरेतून आणल्या, हे जे आपण शाळेपासून ऐकतो, ते तर या ओळीत अजिबातच नाही. काल जुळतो, हे खरं. द्राक्षाची काडी लावल्यावर दोन-तीन वर्षांत वेल फळाला येते, त्यामुळे पंधरा वर्षं भरपूर झाली. पण काल जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. चरक-सुश्रुतांना द्राक्ष माहीत होतं, त्यामुळे या फळाची भारतातली कथा सुलतानांपासून सुरू होत नाही एवढं तर नक्की.

एवढं झाल्यावर मी ते वाक्य खोडून मोकळी होणार होते. पण 'वर्षातून दोनदा' हे डोक्यात अडकलं. असल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा का? परदेशी प्रवासी भारताबद्दल लिहिताना सुपीकतेचं कौतुक म्हणून 'इथे सगळं वर्षातून दोनदा पिकतं' असं ग्रीकांच्या काळापासून लिहीत आले आहेत. त्यातून हा तर मांजरांना पळवणाऱ्या उंदरांचा लेखक.

उत्तर फेब्रुवारीत मिळालं. नमुने गोळा करायला मी नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या वायनरीत आठवडाभर राहिले होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून चार-साडेचार तासांवर. कडवंचीसारखी द्राक्षाची गावं आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातही आहेत, पण तिथली द्राक्षं खायची. वाइनसाठी नाशिकलाच जावं लागतं. २००१ च्या राज्य धोरणाने द्राक्ष प्रक्रियेला सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क आलं, आणि सुलासारख्या मोठ्या नावांच्या आजूबाजूला काही शेतकरी कुटुंबांनी स्वतःच्याच शेतात टाक्या उभ्या केल्या. हे त्यातलंच एक घर. आठ एकर बाग, शेडमध्ये मोजक्या स्टीलच्या टाक्या, आजोबा, मुलगा, आणि मायक्रोबायोलॉजी केलेली सून. लॅब म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली खोली.

तोडणीचा हंगाम बाहेरून बघणाऱ्याला सणासारखा वाटतो. आतून तो परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखा असतो. वहिनी (मी तिला वहिनीच म्हणू लागले होते) रोज दुपारी बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून शंभर मणी तोडून आणायची. उन्हातल्या बाजूचे, सावलीतले, घडाच्या खांद्यावरचे, टोकाचे. ते पिशवीत चुरडायचे, रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा, मग आम्लता काढायची. शेनिन ब्लांची साखर २१ ब्रिक्सच्या पुढे गेली होती. साखर हवीच, कारण तिचाच अल्कोहोल होतो. पण साखर चढते तशी आम्लता उतरते. रात्री गार असतील तर मण्यातलं मॅलिक आम्ल टिकतं, ऊन तापू लागलं की वेलच ते खर्चून टाकते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर आमच्याकडे ऊन कसं चटकन तापतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणजे चार दिवस थांबलात तर रस गोड होईल पण बेचव. आणि आज तोडायचं म्हटलं तर टाकी रिकामी नाही, आधीची वाइन अजून बसतेय. त्यात पश्चिमेला ढग. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट त्या घरात अजून कोणी विसरलेलं नाही.

त्या रात्री मुलगा आणि सून दोघं शेडमध्ये उभ्याउभ्या भांडले. तो म्हणत होता थांबू, ती म्हणत होती पहाटेच तोडू, टाकी मी रात्रीत मोकळी करते. शेवटी तिचंच झालं. पहाटे चारला डोक्याला बॅटऱ्या बांधून बायका ओळींत शिरल्या. गारव्यातच तोडायचं, कारण तापलेला घड कॅरेटमध्येच आंबायला लागतो. सात वाजेपर्यंत कॅरेटची रास लागली, डीस्टेमर सुरू झाला, देठ एका बाजूला, फुटलेले मणी दुसऱ्या बाजूला. पांढऱ्या वाइनला रस लगेच दाबून सालीपासून वेगळा करतात. प्रेसमधून पडणारा पहिला रस आजोबांनी मला पेल्यात दिला. हिरवट, गढूळ, आणि इतका गोड की दात आंबतील.

आजोबांशी बोलताना मी सहज म्हटलं की फ्रान्समध्ये हेच काम सप्टेंबरात करतात. ते म्हणाले, "तिकडं बर्फ पडतं, झाड झोपतं. आपल्याकडं झाडाला झोपच न्हाई. आपण कात्री लावली की त्याचं वरीस सुरू. म्हनून तर दोन छाटण्या. माझा आजा तर दोन बार घ्यायचा, पण पावसातला आंबट निघायचा."

मी पेला खाली ठेवला. दोन बार!

आता यातलं विज्ञान. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पानं गाळते, वसंतात एकदाच फुटते, शरदात एकदाच पिकते. दख्खनमध्ये तिला विश्रांतीला भाग पाडेल एवढी थंडी नाही. मोकळी सोडली तर ती नुसती वाढत राहते, टोकाकडचे डोळे फुटतात, खालचे बसून राहतात. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, ओलांड्यापर्यंत खरडून. त्यानंतरच्या कडक उन्हात नव्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघडनिर्मिती होते. म्हणजे पुढच्या फेब्रुवारीतला घड आदल्या मे-जूनमध्ये डोळ्यात बसलेला असतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. काडीवर ठरावीक डोळे ठेवायचे, ते एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं, आणि साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल तयार. आपला हंगाम फेब्रुवारीत येतो तो निसर्गाने नाही, कात्रीने ठरवलेला.

आणि मुद्दा असा की एप्रिलमध्ये वेल खोलवर न खरडता हलकी छाटली, घड असलेले डोळे राखले, तर तेही फळतात. पावसाळ्यात पिकतात, आंबट राहतात, सडतात, रोग पडतो. पण फळतात. छाटणीला 'गोडी' हे नाव का पडलं असेल याचा विचार करा. आंबट बार समोर असल्याशिवाय कोणी दुसऱ्याला गोड म्हणत नाही. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात पन्नीर द्राक्षाची आजही वर्षात दोन पिकं घेतात, बेंगळुरूकडे बेंगलोर ब्लूचीही.

आता इब्न बतूताच्या ओळीतलं दुसरं फळ बघा, डाळिंब. तुमच्या घरी डाळिंबाची बाग असेल तर तुम्ही हे आधीच ओळखलं असेल. आंबिया, मृग, हस्त. दख्खनमध्ये डाळिंब वर्षात तीनदा फुलू शकतं, आणि कुठला बहार धरायचा ते शेतकरी पाण्याचा ताण देऊन ठरवतो. म्हणजे द्राक्ष आणि डाळिंब ही दोन्ही फळं त्याला घरून ओळखीची. वर्षातून एकदाच येताना पाहिलेली. आणि नेमक्या या दोघांबद्दलच तो म्हणतो की इथे दोनदा येतात.

अजून एक. पुस्तकात इतरत्र तो हिंदुस्थानातल्या डाळिंबाबद्दल सर्वसाधारणपणे हेच सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की मालदीवमध्ये तर डाळिंबाचं फळ कधी थांबतच नाही. हे वाचून मला खरोखर टाळी वाजवावीशी वाटली. नुसतं कौतुक करायचं असतं तर त्याने सगळीकडे 'दोनदा' लिहिलं असतं. तो फरक करतोय. विषुववृत्ताकडे जावं तशी झाडाची विश्रांती कमी होत जाते, हे त्याला शरीरक्रियाशास्त्र न शिकता फळं खाऊन कळलं होतं. उंदरांचं काय ते प्राणिशास्त्रवाल्यांनी बघावं, द्राक्षाच्या बाबतीत हा साक्षीदार मला चालतो.

पण इथेही हात आवरायला हवा. वर्षात दोन बार आले म्हणजे दोन छाटण्या होत होत्या, असं मला लिहायचा मोह झाला. त्या ओळीत कात्री नाही. आणि वाइन तर नाहीच. दौलताबादच्या वाइनची 'सातशे वर्षांची परंपरा' अशी जाहिरातबाजी मी एका ठिकाणी ऐकली आहे. द्राक्ष होतं एवढ्यावरून कोणी वाइन करत होतं असं ठरत नाही. मनुका होतात, ताजी खातात, औषधात जातात. बरं, ज्या सुलतानाच्या राज्यात दारू प्यायल्याबद्दल फटके पडत, त्याच्या दुसऱ्या राजधानीत कोणी उघडपणे तोडणीचा हंगाम साजरा करत असेल, हे मला पटत नाही.

पुढच्या आरआरसीला मी ते वाक्य बदलून नेलं. नवं वाक्य असं : इब्न बतूताने (दौलताबाद भेट इ.स. १३४२ च्या सुमारास, ग्रंथलेखन १३५५) तेथील द्राक्षं व डाळिंबं वर्षातून दोनदा फळत असल्याचं नोंदवलं आहे, ही नोंद उष्ण कटिबंधातील द्राक्षवेलीत सक्तीची हिवाळी विश्रांती नसण्याशी सुसंगत आहे. पूर्वीपेक्षा रुक्ष आहे, मान्य. तेच सर पुन्हा टेबलाच्या टोकाला होते. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे 'सुसंगत' तुम्हाला कुठे सुचलं?"

मी म्हटलं, "सर, वायनरीत." यावेळी हसले ते फक्त सर.