रस्त्याचा कायदा आणि सायकलस्वाराची कैफियत

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या मार्गावरील बोरी अरब हे गाव कोणत्या लढाईसाठी वा राजधानीसाठी प्रसिद्ध नाही. परंतु ज्या गावाच्या दारावरून मोठा रस्ता जातो त्या गावाला सरकारी अंमलाची पहिली ओळख बहुधा त्या रस्त्यावरच होते, आणि कचेरीची पायरी आयुष्यात कधी न चढलेल्या मनुष्यालाही बंडी आडवी का लावली, कंदील का पेटवला नाही, डाव्या अंगाने का चालला नाहीस, या प्रश्नांची उत्तरे मात्र एखाद्या शिपायापुढे उभे राहून द्यावी लागतात. रहदारीच्या नियमांचा इतिहास सांगणारे पुष्कळदा मुंबईच्या चौकापासून आरंभ करतात. तोच इतिहास दारव्हा तालुक्यातील या गावाच्या बाजूने पाहिला, तर त्यातील एक गोष्ट अधिक स्पष्ट दिसते: ज्याचे वाहन जड आणि वेगवान त्याचे दायित्व मोठे, हे तत्त्व आमच्या कायद्याला आरंभी ठाऊक होते, पुढे वाहनांचे प्रकार वाढत गेले तसे ते झाकोळले, आणि किरकोळ दंडाचा जाच रस्त्यावरच्या सर्वांत दुर्बळ प्रवाशाच्या वाट्याला अधिक आला.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, आणि काळ्या मातीच्या या प्रदेशातील प्रत्येक वाट कापसाच्या बाजारपेठेकडे वळली. पुढे किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा आणि यवतमाळ यांना जोडणारी अरुंद मापाची आगगाडी आणली, जी आज शकुंतला या नावाने लोकांच्या स्मरणात आहे. परंतु शेतापासून स्टेशनापर्यंतचे आणि गावापासून जिनापर्यंतचे काम मात्र बंडीनेच केले. कापसाने शिगोशीग भरलेल्या बंड्या रात्रीच्या गारव्यात एकामागून एक निघत. आखाला टांगलेला कंदील हेलकावे खात राही. चाकांच्या लोखंडी धावांनी मातीत खोल चाकोरी पडे, आणि धुरकरी अर्धवट झोपेत असला तरी बैल त्या चाकोरीतून आपसूक पुढे जात. या रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन बंड्यांचा तंटा कोणी सोडवावा हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. भरलेल्या बंडीला रिकाम्या बंडीने वाट द्यावी, चढणीवर असलेल्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, ही वहिवाटच पुरेशी होती. ज्याला थांबणे सोपे त्याने थांबावे, एवढेच त्या वहिवाटीचे सार होते, आणि त्यात जो न्यायविचार आहे तो पुढच्या अनेक कलमांहून श्रेष्ठ आहे.

लेखी कायद्यानेही आरंभी वाहनावाहनांत भेद केला नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे २७९ वे कलम मोटारीचा जन्म होण्यापूर्वी लिहिले गेले. सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने जो कोणी वाहन हाकील अथवा स्वारी करील, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, असे ते सांगत होते. टांगा असो, घोडा असो वा सायकल असो, कायद्याने पाहिले ते वाहनाकडे नव्हे, तर धोक्याकडे. त्या काळी हजार रुपये म्हणजे सामान्य माणसाच्या कित्येक वर्षांच्या कमाईची रक्कम होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कलमाची जरब किती होती याची कल्पना येते. त्याच संहितेचे २८३ वे कलम रस्त्यात अडथळा करणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड फर्मावीत होते. धोका उत्पन्न करणे हा मोठा अपराध आणि वाट अडवणे हा लहान अपराध, असा तारतम्यभाव या दोन आकड्यांत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या २८१ व्या कलमाने बेदरकारीचा दंड एक हजारावरच ठेवला, आणि २८५ व्या कलमाने अडथळ्याचा दंड पाच हजारांपर्यंत चढवला. बेदरकारीसाठी कैदेची तरतूद कायम आहे, आणि मोटारचालकासाठी मोटार कायद्यात निराळी शिक्षाही आहे, हे मान्य केले तरी दीडशे वर्षांत तारतम्याचा काटा कोणीकडे झुकला हे या आकड्यांवरून दिसल्यावाचून राहत नाही.

मोटारीने रस्त्याचा स्वामीच बदलला. १९१४ मध्ये अखिल हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा झाला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते-विकास समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून मध्यवर्ती रस्तेनिधी उभारण्यात आला. रस्ता हा आता पेट्रोलच्या पैशाने बांधला जाऊ लागला, आणि ज्याचा पैसा त्याची वाट, हा समज हळूहळू रुजला. बंडीची लोखंडी धाव डांबर कापते, ही अभियंत्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु ज्या कापसाच्या पैशावर मोटारी आणि गिरण्या उभ्या राहिल्या तो कापूस त्याच धावांवरून आला होता, याची आठवण त्या तक्रारीत राहिली नाही. १९४३ च्या डिसेंबरात मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही वर्गवारी ठरली. त्या नागपूर योजनेने गावाला मोठ्या रस्त्याशी जोडण्याचा संकल्प केला, तो मोलाचा होता. परंतु त्या रस्त्यावरून गावकरी कोणत्या वाहनाने जाईल हा विचार मागे पडला.

१९३९ च्या मोटार कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाने चालकाला डाव्या कडेने चालण्याचा, समोरून येणाऱ्याला उजव्या हाताने जाऊ देण्याचा नियम घालून दिला, आणि जेथे निराळी शिक्षा सांगितली नाही तेथे पहिल्या अपराधाला वीस रुपयांपर्यंत दंड ठेवला. हा कायदा यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांचा असल्यामुळे सायकल त्याच्या व्याख्येबाहेर राहिली. तिला बांधले ते पोलिसांच्या आणि नगरपालिकांच्या नियमांनी. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. तो पुढे विदर्भालाही लागू झाला, आणि त्याने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचे बंधन केवळ मोटारीवर नव्हे, तर रस्त्यावरून वाहन हाकणाऱ्या प्रत्येकावर घातले.

याच सुमारास सायकल ही चैनीची वस्तू न राहता कष्टकऱ्याचे वाहन झाली. मुंबईतील हिंद सायकल्स, मद्रासकडील टी. आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो या कारखान्यांनी १९३९ ते १९५६ या अवधीत देशी सायकल उपलब्ध केली, आणि शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाला, तलाठी आणि जिनातला मजूर हे सारे तिच्यावर बसले. ज्याला विकत घेणे परवडत नव्हते तो तासाच्या भाड्याने घेई. त्यासरशी कराचा विचार आला. मध्यप्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्याने वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार दिलाच होता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने सायकलींवर आणि जनावरांनी ओढल्या जाणाऱ्या वाहनांवर कर घेण्याची मुभा खेड्यातील पंचायतीलाही दिली. अनेक शहरांत कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे. तो दर वर्षी नवा घ्यावा लागे आणि त्याचा आकार बदलत असल्यामुळे जुना बिल्ला शिपायाच्या नजरेतून सुटत नसे.

दिवेलागणीच्या वेळची नाक्यावरची तपासणी ज्यांनी अनुभवली, त्यांना त्या काळच्या कायद्याचे खरे रूप कळले. सायकलच्या पुढे रॉकेलचा छोटा दिवा असणे आवश्यक असे. वारा सुटला की तो विझे, खड्डा लागला की विझे, आणि तेल संपले तर काही बोलायलाच नको. शिपाई शिट्टी वाजवी, स्वार उतरे, आणि दिवा आत्ताच विझला अशी कैफियत मांडी. तेव्हा शिपाई बोटांनी दिव्याचा पत्रा चाचपून पाही. पत्रा कोमट लागला तर समज देऊन सुटका होई. थंड लागला तर नाव लिहून घेतले जाई, नाहीतर चाकातली हवा सोडली जाई, किंवा व्हॉल्व्ह काढून हातावर ठेवला जाई. दोघे बसले म्हणजे डबलसीटचा गुन्हा झाला, घंटी नसली तर तोही गुन्हा. डायनमो आला तेव्हा वाऱ्याची भीती गेली, पण सायकल थांबली की दिवाही थांबे. अंधारात दिवा हवा हा नियम निःसंशय योग्य होता. तो स्वाराच्याच रक्षणाचा होता. खंत एवढीच की, ज्याची मजुरी आण्यांत मोजली जाई त्याच्याकडून दिव्यासाठी दंड वसूल करणाऱ्या व्यवस्थेने त्याच रस्त्यावर एखादा खांबाचा दिवा लावण्याची निकड तितक्या तत्परतेने मानली नाही. सायकलचा कर पुढे गावोगावी मागे पडला आणि बिल्ला इतिहासजमा झाला. मात्र करातून सुटलेली सायकल त्याबरोबर सरकारी विचारातूनही सुटली.

बोरी अरबसारख्या गावातून आज जाणाऱ्या रस्त्यावर मोटारचालक आणि सायकलस्वार यांच्यात जे वैमनस्य दिसते ते या इतिहासाचे फळ आहे. मोटारवाल्याची तक्रार ऐकावी तर तीत तथ्य आहे: काळोखात मागे लाल काच नसलेली सायकल किंवा परावर्तक नसलेली बंडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, स्वार अकस्मात उजवीकडे वळतो, शाळा सुटली की मुले तिघे-तिघे रांगेने चालतात. सायकलस्वाराची बाजू मात्र रस्त्याच्या कडेला उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही. डांबराचे थर वर्षानुवर्षे चढत गेल्यामुळे त्याची कड मातीच्या साइडपट्टीपेक्षा वीतभर उंच झालेली असते. मागून ट्रकचा भोंगा वाजला की स्वाराने खाली उतरावे अशी अपेक्षा असते, आणि पावसाळ्यात त्या चिखलात चाक उतरले तर परत वर चढत नाही, तोल जातो तो ट्रकच्याच अंगावर. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्याच्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. शासनाच्या एका हाताने मुलीला सायकल द्यावी आणि दुसऱ्या हाताने तिच्यासाठी वीतभरही सुरक्षित कड राखू नये, ही विसंगती ज्याला टोचत नाही त्याने रस्त्याचा कायदा समजून घेतला असे म्हणता येणार नाही.

दंडाचे आकडे मात्र चढत गेले. १९८८ च्या मोटार कायद्यात सर्वसाधारण अपराधाचा दंड शंभर रुपये झाला. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेवर गेला, परवान्यावाचून वाहन हाकण्याचा दंड पाच हजारांवर आणि मद्यपानाचा दहा हजारांवर पोहोचला. महाराष्ट्राने आपले सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. आता कॅमेऱ्याने टिपलेले ई-चलान घरी येते. वेग आणि नशा यांना आळा घालणारी ही कठोरता मला सर्वथा मान्य आहे. परंतु कॅमेरा वाहनाची नंबरपट्टी वाचतो; सायकलला किती अंतर ठेवून ट्रक पुढे गेला, हे तो वाचत नाही. १९८९ च्या रस्ता-नियमांनी सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार घालण्यास मनाई केली होती. नियम उत्तम होता, पण तालुक्याच्या रस्त्यावर तो मार्गच नसल्यामुळे मोडावयासही कोणाला संधी मिळाली नाही. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सायकल, दुचाकी आणि बैलगाडी यांना मज्जाव आहे, आणि अशा वेगाच्या मार्गावर तो योग्यच आहे. मग ज्या जुन्या रस्त्यावर या साऱ्यांना वाव उरला, तो रस्ता त्यांच्या मापाचा करणे हे ओघानेच आपले कर्तव्य ठरते.

इतर देशांनी या प्रश्नाचे उत्तर दंड वाढवून नव्हे, तर दायित्वाची वाटणी बदलून दिले. फ्रान्सने ५ जुलै १९८५ च्या कायद्याने अपघातात जखमी झालेल्या पादचाऱ्याला आणि सायकलस्वाराला मोटारीकडून नुकसानभरपाई मिळण्याची वाट सुकर केली. नेदरलँड्सच्या कायद्यात मोटारमालकाला, अपघात अपरिहार्य होता असे सिद्ध केल्यावाचून, सायकलस्वाराच्या हानीची जबाबदारी टाळता येत नाही. त्या तरतुदींचा पाया नवा नाही. ज्याला थांबणे सोपे त्याने थांबावे, हाच तो पाया, जो वऱ्हाडातील धुरकऱ्यांनी कोणत्याही राजपत्राविना पाळला होता.

म्हणून मागणी साधी आहे. सायकलस्वाराने दिवा लावावा, डाव्या कडेने चालावे, वळताना हात दाखवावा. ही शिस्त कोणावर उपकार म्हणून नव्हे, त्याच्या जिवाची किंमत म्हणून त्याने स्वीकारावी. परंतु त्याच्याकडून परवाना मागितला जात नाही याचा अर्थ रस्त्यावर त्याचा हक्क नाही असा मोटारवाल्याने करू नये. तो मागितला जात नाही याचे कारण एवढेच की त्याच्या हातून दुसऱ्याच्या जिवाला होणारा धोका अल्प आहे. आणि दंडातून जमणाऱ्या रकमेचा काही हिस्सा बोरी अरबसारख्या गावांतून जाणाऱ्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या भरण्यासाठी, शाळेजवळच्या दिव्यांसाठी आणि बंड्यांना परावर्तक लावण्यासाठी राखून ठेवण्याची तजवीज शासनाने करावी. कारण ज्या दंडाने रस्ता सुरक्षित होत नाही तो दंड म्हणजे केवळ वसुली होय, आणि वसुलीच्या जोरावर कोणताही कायदा लोकांच्या आदरास फार काळ पात्र राहिलेला नाही.