हेळव्याची वही आणि लेकीचा हिस्सा

तुमच्या खिशात उतारा आहे. कानडीत छापलेली पहाणी, निपाणीजवळच्या एका शिवारातली. दोन एकर, आणि नाव अजून आजोबांचं. आजोबा गेले, आजी त्यांच्या आधीच गेलेली, आता वारसा नोंद करायची आहे. वकिलानं वंशावळ मागितली आहे, म्हणून तुम्ही बेळगावच्या खडेबाजारातून निघाला आहात. दोन्ही बाजूंना कापडाची दुकानं, मधून दुचाक्यांची रेटारेटी. तेवढ्यात हॉर्न थांबतात, पायाखालचं डांबर सरून धूळ लागते, आणि समोर बैलगाड्यांची रांग उभी राहते.

साल १८५०च्या आसपासचं आहे. किल्ला १८१८ पासून कंपनी सरकारकडे. बेळगाव १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला, छावणीमुळे धान्याला आणि कापडाला गिऱ्हाईक आहे. जोंधळा विकून परतणारा एक गाडीवान तुम्हाला वर घेतो. नाक, कपाळ, बोलताना मान कलती करायची लकब, सगळं तुमच्या आजोबांचं. हा तुमच्या पणजोबांचा आजा आहे. तुम्ही कोण हे तो विचारत नाही. पाहुणा आला की आधी पाणी विचारायचं, नाव मागनं, अशी त्याच्या घरची रीत.

वाटेत तो राजांच्या गोष्टी काढतो, पण त्याला खरं बोलायचं असतं वारसाविषयी. १८२४ मध्ये कित्तूरचे देसाई निपुत्रिक गेले. दत्तक मुलगा इंग्रजांनी मानला नाही. लढाई पेटली, कलेक्टर थॅकरे मारला गेला, आणि शेवटी राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर १८३९ मध्ये गेले, त्यांचीही जहागीर खालसा झाली. गाडीवान चाबूक खाली ठेवून म्हणतो, "वाड्याला वारस नाही म्हटलं की सरकार येतंय. आमच्या घराला वारस नसला तर भाऊबंद येत्यात." त्याच्या मोठ्या भावाला मूलबाळ नाही. धाकट्याचा पोरगा त्याच्या ओटीत घालायचा, हे घरात कधीच ठरलं आहे.

रात्री तुम्ही त्याच्याच घरी राहता, आणि पहाटे तुम्हाला घंटेच्या आवाजानं जाग येते. दारात शिंगं रंगवलेला बैल, मागे गाडी, आणि अंगणात घोंगड्यावर बसलेला हेळवी. सुगी संपली की हा येतो. प्रत्येक हेळव्याची गावं ठरलेली, घरं ठरलेली, बापाकडून पोराकडे आलेली. आपल्या मूळपुरुषाला पाय नव्हते, बसवण्णांनी त्याला बैलावर बसवून घराघरांची कुळी सांगत फिरायचं काम दिलं, असं ते सांगतात. मराठा असो, लिंगायत असो, या सीमेवरच्या शेतकऱ्याचा इतिहास राजाच्या दप्तरात कमी आणि हेळव्याच्या वहीत जास्त आहे.

तो सुरू करतो. आधी कुळदैवत, मग मूळ गाव, मग ते गाव का सोडलं. दुष्काळ पडला, विहीर आटली, भावाभावांत बिनसलं, एक नदीच्या या अंगाला आला, एक तिथंच राहिला. मग नावं. बाप, त्याचे तीन मुलगे, त्यातला एक निर्वंश, दुसऱ्याचे दोन. चाल अशी की एखादं नाव चुकलं तर ठेका मोडेल. कानडी आणि मराठी एकाच श्वासात येते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ते वेगळं वाटत नाही. मला ही परंपरा फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे शिलालेख नाही, सनद नाही, अशा माणसाला सात पिढ्यांचा बाप मिळवून देणारी ही व्यवस्था होती.

आता चौकटीत उभ्या असलेल्या बाईकडे बघा. तिच्या हातात जोंधळ्यानं भरलेलं सूप आहे. खुरपणी तिची, कापणी तिची, बियाणं राखेत घालून ठेवायचं काम तिचं. हेळवी तिच्या नवऱ्याचं नाव घेतो, सासऱ्याचं घेतो, पुढ्यात रांगणाऱ्या मुलाचं घेतो. वंश मुलावरून पुढे सरकतो, लेकीपाशी ओळ थांबते. दान पदरात घालताना ती हळूच विचारते, "माझ्या माहेरचं कोन सांगतंय?" हेळवी म्हणतो, "तिकडचा हेळवी निराळा, आक्का." तिच्या माहेरीही मुलांचीच नावं म्हटली जात असणार.

काही दिवसांनी शिवारात साखळी घेऊन माणसं येतात. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी इंदापुरापासून घालून दिलेली पाहणीची पद्धत या जिल्ह्यातही आली आहे. साखळी ३३ फुटांची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. जमीन खणून मातीची खोली बघतात, काळी की तांबडी ते बघतात, प्रत आण्यांत लावतात, हद्दीला दगड रोवतात. सारा ३० वर्षांसाठी ठरतो. तुमच्या घराचा नंबर भरतो २४ एकर. कागदावर एकच नाव चढतं, थोरल्याचं. कारकून विचारतो, "खातेदार कोण?" आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. हेळव्याच्या वहीत निदान सगळे भाऊ होते. साहेबाच्या वहीत एकच उरला.

थोरला पुढे वारतो, ओटीतला मुलगाही तापानं जातो, आणि त्याची बायको उरते. तेव्हाचा कायदा नीट समजून घ्या, कारण तुमची वंशावळ इथूनच जाते. वाटणीचं शास्त्र ठरलं होतं विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिलेला हा ग्रंथ. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मानंच येतो, असं तो सांगतो. एकत्र कुटुंबातल्या विधवेला मिळायचं अन्नवस्त्र. पण मुंबई इलाख्यात नवऱ्यानं सांगून ठेवलेलं नसलं तरी विधवेला दत्तक घेता येई. तुमची ही आजी दिराच्या संमतीनं त्याचा दुसरा मुलगा मांडीवर घेते. तुम्ही त्या मुलाच्या वंशातले. वारस निर्माण करायचा अधिकार तिला होता, स्वतः वारस व्हायचा नव्हता. इतका अन्याय इतक्या शांतपणे पार पडतो, हळदीकुंकू लावून, पानसुपारी वाटून.

पुढची वर्षं भराभर जातात. १९०३च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली, थोरल्याच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ ही अक्षरं लागली, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पहिल्या महायुद्धानंतर तुमचे पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ वेगळे झाले. तो दिवस बघून या. तिघंही काळ्या पट्टीतला तुकडा मागतात, तिघंही माळाचा नको म्हणतात. मग प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे तीन तीन तुकडे पडतात, बांध वाढतात, विहिरीच्या पाण्याला पाळ्या लागतात, बैलजोडी एकाकडे आणि गाडी दुसऱ्याकडे जाते. आठ आठ एकर. तीन बहिणी माहेरी आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या रेषा बदलल्या. कागलकडे सासुरवाडीला राहिलेले चुलत आजोबा मुंबई राज्यात राहिले, तुमचे आजोबा म्हैसूर राज्यात गेले. घरच्या जमिनीशिवाय दोघंही दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होते. १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, कागलच्या भावाला कसलेल्या जमिनीची मालकी मिळायची वाट मोकळी झाली. निपाणीकडच्या कुळाला त्यासाठी १ मार्च १९७४ उजाडावा लागला. मधल्या १७ वर्षांत तुमच्या आजोबांची कुळवट सुटली, मालकानं जमीन काढून घेतली. सीमाप्रश्न म्हटला की आपण भाषेच्या पाट्यांविषयी बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण एकाच आजाच्या दोन नातवांच्या ताटात त्या रेषेनं काय वेगळं वाढलं, हेही मोजायला हवं. साठच्या दशकात आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ वेगळे झाले तेव्हा आठ एकरांचे चार वाटे पडले. तेच हे दोन एकर, तुमच्या खिशातले.

आणि मग १९९४. महाराष्ट्रानं २२ जूनपासून आणि कर्नाटकानं ३० जुलैपासून लेकीला जन्मानं मुलासारखाच हिस्सा दिला. भांडणाऱ्या दोन राज्यांनी सहा आठवड्यांच्या आत एकच शहाणपणाची गोष्ट केली, आणि दोघांनीही त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. तुमच्या आत्याचं लग्न त्याआधीच झालेलं. तिच्यासाठी दार उघडलं २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं. बाप हयात असो वा नसो, हक्क जन्माचा, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं.

गावातल्या चावडीत तुम्ही पोचता तेव्हा वडील, दोन्ही काका आणि आत्या आधीच बसलेले आहेत. टेबलावर दोन कागद आहेत. एक कोरी वंशावळ, दुसरं टाइप करून आणलेलं हक्कसोडपत्र. हिशेब सगळ्यांना पाठ आहे. तीन भाऊ धरले तर प्रत्येकी २६ गुंठे आणि वर दहा आणे आठ पै. आत्या धरली तर प्रत्येकी २०. धाकटे काका हक्कसोडपत्र तिच्यापुढे सरकवतात. "आक्का, इथं सही कर की. दिवाळीला साडी हाय, माहेर हाय, आणि काय पायजे?"

तलाठी पेन उघडून तुमच्याकडे बघतो. वंशावळ तुम्हीच सांगायची आहे. तुम्ही पणजोबांपासून सुरू करता, त्यांच्या तीन बहिणींसकट, आणि त्यांतल्या एकीचंही नाव तुम्हाला सांगता येत नाही. आत्याला येतं. ती तिन्ही नावं सांगते, कोण कुठल्या गावाला दिली तेही सांगते, मग आजीचं नाव सांगते, आणि हक्कसोडपत्र दुमडून पिशवीत घालते.

"माझं नाव आधी त्या उताऱ्यावर चढू दे," ती भावाला म्हणते. "सोडायचं का नाही ते मग मी ठरवतो."