तळटीप ७ : ‘सममितीवरून उघड आहे’

७. लेखकाला उघड वाटले तरी वाचकाने इथे जरा थांबावे. राहाता तालुक्यातील बाभळेश्वरच्या ४०० केव्ही उपकेंद्राकडे जाणारी एक तार घ्या. ती सरळ, अमर्याद लांब आणि एकटी आहे असे माना. ती स्वतःभोवती फिरवली, लांबीच्या दिशेने सरकवली, आरशात आडवी-उभी पाहिली, तरी काहीच बदलत नाही. मग तिच्या विद्युतक्षेत्राला तिरके जायला कारणच उरत नाही. ते तारेशी काटकोनात बाहेर पडते आणि केवळ अंतरावर अवलंबून राहते. आता तारेभोवती वृत्तचिती कल्पून गाऊसचा नियम लावावा : अंतर दुप्पट, क्षेत्र निम्मे. (दिशा सममितीने दिली, आकडा गाऊसने, मूळ पाठात हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबले आहे.)

खरी तार एकटी नसते. खाली जमीन, शेजारी आणखी दोन फेज. तरी पृष्ठभागालगत हेच सूत्र चालते, कारण तारेची त्रिज्या जेमतेम १.६ सेंमी आणि बाकी सारे काही मीटर दूर. ढोबळ हिशेबाने एकेरी तारेवर क्षेत्राचे शिखरमूल्य सेंटिमीटरला २८ किलोव्होल्टच्या घरात जाते, आणि कोरडी हवा ३० च्या आसपास फुटते. म्हणून अशा वाहिन्यांवर प्रत्येक फेजला बहुधा सुमारे ४५ सेंमी अंतराने दोन तारा असतात. क्षेत्र २० पर्यंत उतरते. पावसात तरीही चरचर ऐकू येते, कारण तारेला लोंबणाऱ्या थेंबाच्या टोकाशी क्षेत्र एकवटते आणि तिथे वृत्तचितीचा हिशेब लागू पडत नाही. — संपा.