नाशिकच्या उन्हात मुडदूस आला कुठून?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. आज बोलायचंय ड जीवनसत्त्वाबद्दल, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'व्हिटॅमिन डी'बद्दल. पण गोळ्या कुठल्या घ्यायच्या इथून सुरुवात नाही करायची. सुरुवात एका कोड्यापासून करू.

१९२२ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात एच. एस. हचिसन आणि एस. जे. शाह यांचा एक निबंध छापून आला. विषय मुडदूस, आणि निरीक्षणं आपल्या नाशिकची. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात, मनगटं जाड होतात, तो आजार. आता नाशिक म्हणजे पावसाळा सोडला तर वर्षभर लख्ख ऊन. मग तिथे मुडदूस कसा काय?

हे कोडं नीट कळायला जरा मागे जाऊ. त्या काळात युरोपात मुडदूस हा गरिबांचा आजार समजला जायचा. ग्लासगो, लंडन, व्हिएन्ना अशा शहरांत गिरण्यांचा धूर, दाटीवाटीच्या चाळी आणि वाकड्या पायांची मुलं हे नेहमीचं दृश्य होतं. कारणाबद्दल मात्र दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, दोष खाण्याचा आहे. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबीने कुत्र्याची पिल्लं घरात ठेवून त्यांना ओटसारखं साधं अन्न दिलं. पिल्लांना मुडदूस झाला, आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिल्यावर तो टळला. हे साधारण १९१९ चं. दुसरा तट ग्लासगोचा. तिथल्या लिओनार्ड फिंडलेचं म्हणणं असं, की मुलं कोंडून ठेवली जातात, मोकळी हवा आणि हालचाल मिळत नाही, हे खरं कारण.

गंमत म्हणजे उन्हाचा सुगावा त्याआधीच लागला होता. थिओबाल्ड पाम हा डॉक्टर मिशनरी म्हणून बरीच वर्षं जपानमध्ये राहून इंग्लंडला परतला, तेव्हा त्याला प्रश्न पडला, की जपानमध्ये मुडदूस जवळपास दिसत नव्हता आणि इथे एवढा का? त्याने चीन, हिंदुस्थान, मोरोक्को अशा ठिकाणच्या लोकांना पत्रं लिहून माहिती मागवली. १८९० मध्ये त्याने निष्कर्ष मांडला: जिथे ऊन भरपूर, तिथे मुडदूस कमी. मुलांना नियमित ऊन द्या, असंही त्याने सुचवलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आता नाशिकला परत येऊ. हचिसन आणि शाह यांना तिथे उलटंच चित्र दिसलं. दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या गरीब हिंदू कुटुंबांत खाणं बेताचं, तरी मुडदूस सापडेना. तो सापडला पडदा पाळणाऱ्या घरांत, मुसलमान आणि वरच्या थरातल्या हिंदू कुटुंबांत. खाण्यापिण्याची ददात तिथे नव्हती. पण बाळ आणि बाळंतीण महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत. पडद्यातल्या तरुण बायकांचीही हाडं मऊ होत होती.

म्हणजे युरोपात गरीब मूल आजारी आणि नाशिकला खात्यापित्या घरचं! दोन्हीकडे समान गोष्ट एकच: अंगावर ऊन पडत नव्हतं. ग्लासगोत ते धुराने अडवलं, नाशिकला भिंतीने. गावात ऊन किती आहे याला अर्थ नाही, ते तुमच्या कातडीपर्यंत पोचतंय का, हा प्रश्न. आणि ते कुणापर्यंत पोचायचं, हे रीतिरिवाज ठरवत होते. मला या इतिहासात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मग मेलनबीचं तेल खोटं होतं का? अजिबात नाही. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी व्हिएन्नामध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ ते १९२२ दरम्यान तिथल्या बालरुग्णालयात काम केलं. हिवाळ्यात नेहमीच्या अन्नावर ठेवलेल्या बाळांना मुडदूस झाला, कॉडचं तेल मिळालेल्यांना नाही. उन्हाळ्यात बाळं उन्हात आली आणि हा फरक पुसला गेला. तिकडे बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने १९१९ मध्येच पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशाने मुलं बरी केली होती. सुधारणा एक्स-रेमध्ये दिसत होती.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा वेळी म्हणतो, तक्रारी दोन, पण बग एकच. १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी दाखवलं, की कॉडच्या तेलातलं अ जीवनसत्त्व नष्ट केलं तरी ते तेल मुडदूस बरा करतं. म्हणजे आत वेगळंच काही आहे. ए, बी, सी झाले होते, म्हणून याला नाव मिळालं डी. १९२४ मध्ये हॅरी स्टीनबॉकने दाखवलं, की अतिनील प्रकाश टाकलेलं अन्नसुद्धा मुडदूस रोखतं. तेलातली वस्तू आणि उन्हाने तयार होणारी वस्तू एकाच जातीची निघाली. या संशोधनातल्या रसायनशास्त्रासाठी आडोल्फ विंडाउसला १९२८ चं नोबेल मिळालं.

शरीरात होतं ते असं: कातडीत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो. उन्हातले यूव्हीबी किरण पडले, की त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात, आणि मग आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घेतात. ड नसेल तर दूध पिऊनही हाडांना पुरेसं मिळत नाही.

आता आपलं बघा. 'अरे, माझं डी लो आलंय,' हे वाक्य आमच्या टीममध्ये इतकं कानावर पडतं, की कुणी मान वर करत नाही. आम्ही पडद्यात नाही, काचेत आहोत. खिडकीशेजारची जागा मिळाली तरी काच यूव्हीबी अडवते, त्यामुळे तिथलं ऊन उजेडाला चालतं, हाडांना नाही. भल्या सकाळचं कोवळं ऊन सुखाचं, पण त्यात हे किरण फार थोडे. ढोबळ खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. सावळ्या कातडीला वेळ जरा जास्त लागतो. पण तान्ह्या बाळाला कडक उन्हात ठेवू नका. त्यांना डॉक्टर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात.

मोठ्यांना दिवसाला साधारण ६०० युनिट पुरतात, असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये सांगितलं. आपल्याकडची साठ हजारची पुडी म्हणजे त्याच्या शंभरपट, म्हणून ती मनाने घ्यायची नाही. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. आणि हे सर्वरोगहारी औषधही नव्हे. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या 'व्हायटल' चाचणीत रोज २००० युनिट देऊनही कॅन्सर किंवा हार्ट अटॅकचं प्रमाण कमी झालं नाही. त्याचं पक्कं काम हाडांचं, आणि ते काही लहान नाही.

एक काम सांगते. घरात आजी किंवा पणजी असेल तर विचारा, त्यांच्या वेळी बाळंतिणीची खोली कुठे असायची आणि तिला खिडकी होती का. जे उत्तर मिळेल ते आम्हाला जरूर कळवा. आणि आज घरात ज्यांना उन्हात जायला सवड मिळत नाही, ते नक्की कोण आहेत, हेही एकदा पाहा. भेटू पुढच्या भागात!