दफ्तरांची साक्ष

मराठ्यांचा इतिहास ज्या कागदांवरून लिहिला गेला, ते कागद इतिहासासाठी म्हणून कोणी लिहिले नव्हते आणि जपलेही नव्हते. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतील महजर, निवाडपत्रे व सनदा पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत राहिल्या, त्या वतनाचा तंटा केव्हा उपस्थित होईल याचा नेम नव्हता म्हणून. आणि १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्काचा लेखी पुरावा मागावयास आरंभ केला, तेव्हा तर जीर्ण कागदासही मोल आले. १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेले पुण्याचे पेशवे दफ्तरदेखील मुख्यतः जमाबंदी व इनामे यांच्या कामासाठीच सांभाळले गेले.

या रुमालांत इतिहास बांधलेला आहे, हे ओळखून १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी आपल्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचे दफ्तर प्रकाशात आणीत होते. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि पुढे गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सिद्ध केले.

परंतु मोडी वाचता आली म्हणजे कागद कळला असे होत नाही. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ या अक्षरांतून सुहूर सन ११६१ उलगडावा, त्यात ५९९ मिळवून १७६० हे साल काढावे, आणि हे वर्ष मृगापासून चालत असल्याने जानेवारी १७६१ चे पानिपतही त्याच सनात येते याचे भान ठेवावे, तेव्हा कोठे पत्राचा काळ निश्चित होतो; त्यानंतर शिक्का, मोर्तब आणि हस्ताक्षर यांची परीक्षा, कारण वतनाच्या लोभाने बनावट सनदाही सिद्ध होत असत.

१९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी आढळली व बखरींवरून रूढ झालेले १६२७ हे साल डळमळीत झाले. पुढे राजस्थानात मिळालेल्या कुंडलीनेही तोच दिवस दाखविला. एक टिपण मावळातील देशमुखांच्या घरचे, दुसरे दूरच्या ज्योतिष्याच्या संग्रहातील. परस्परांशी संबंध नसलेल्या या साक्षींचा मेळ बसला, यातच त्यांचे बळ आहे.

म्हणून अभ्यासकाने, कागदात काय लिहिले आहे याच्या आधी, तो कोणी व कोणत्या हक्कासाठी जपला, हे विचारावे.